नेमलेला शेजारी

धुकं आहे बाहेर — आधी हवा सांगून टाकतो, मघाशी राहूनच गेली, कारण तशी पद्धत आहे, शेजाऱ्यानं आल्याबरोबर पेशंटला बाहेरची हवा सांगायची. तर धुकं आहे, गार आहे, वारा नाही. दुपारपर्यंत ऊन पडेल. वाकडहून बस निघाली तेव्हा ड्रायव्हरला समोरचं काही म्हणजे काही दिसत नव्हतं, तरी तो हॉर्न वाजवत निघाला, पुढे जो कोणी असेल तो आपणहून बाजूला होईल अशा भरवशावर. झाला की नाही कोण जाणे, आम्ही स्वारगेटला पोचलो खरं. तुम्हाला इथं काचेच्या आत काही कळायचं नाही, इथं बारा महिने एकच हवा, म्हणून सांगतो. — नका, नका वळू. भिंतीकडे तोंड असलं तरी चालतं, माझं काही अडत नाही. ऐकू आलं म्हणजे बास. कानटोपीतून येतंय ना ऐकू? येत असणार. माझीच कानटोपी आहे ती — म्हणजे माझी नव्हे, माझ्या कानटोपीसारखी. ते सांगतो पुढं.

मी रंगराव. मी तुमचा शेजारी. — नाही, तसा नाही, तुमच्या बिल्डिंगमधला नाही, आठवत बसू नका. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही, त्याचं काही वाटून घेऊ नका. मी दवाखान्यानं नेमलेला शेजारी. अपेंडिक्सच्या पेशंटांसाठी. हर्नियाला नाही, मूतखड्याला नाही — त्यांचं अजून ठरायचंय. जया सिस्टरनी मला दारातच सांगितलं, रंगरावकाका, भिंतीजवळच्या खाटेवर ज्ञानदेव म्हणून आहेत, कंप्युटरवाले, काल दुर्बिणीतून अपेंडिक्स काढलं, सगळं ठीक आहे, ताप नाही, टाके छान आहेत, आणि माणूस उठायला तयार नाही. दुखतंय का म्हटलं तर नाही. चक्कर येते का, नाही. मग काय होतंय, तर भिंत. आणि हे बरं नाही हो, असं पडून राहणं. पोट फुगतं, छातीत कफ धरतो, आतडं पण रुसून बसतं — त्याला वाटतं मालकच उठत नाही तर आपण कशाला कामाला लागायचं. मला आपलं एवढंच कळतं. आपण उठावं. — हे आपण-आपण मला जमत नाही बघा. पेशंटला आपण म्हणावं असं सांगितलंय, पण आपण म्हटलं की मला वाटतं मी मत मागायला आलोय. तुम्ही म्हणतो. चालेल ना?

बादलीकडे बघताय. बघा, बघा. रिकामी आहे. ही पण नियमातली. शेजाऱ्यानं रिकामी बादली घेऊन यायचं. — हसलात का? नाही? मला वाटलं खांदा हलला. असू दे, हसताना टाक्यांवर उशी दाबून धरायची एवढं लक्षात ठेवा, ते डॉक्टरांचं आहे, माझं नाही.

आता तुम्हाला वाटेल ही काय थेरं आहेत. पण त्याच्या मागे कारण आहे. पूर्वी इथं जेवढे सर्जन तेवढ्या तऱ्हा. एक म्हणणार, पोटातला वारा सरकल्याशिवाय पाण्याचा थेंब नाही. दुसरे म्हणणार, काही होत नाही, ताक द्या. तिसरे सगळ्यांना डाव्या कुशीवर झोपवायचे, आणि ते रजेवर गेले की चौथे येऊन सगळ्यांना उजव्या कुशीवर वळवायचे. मग एकदा काय झालं, याच खोलीत दोघे अपेंडिक्सचे शेजारी-शेजारी आले, मध्ये हा पडदा. इकडच्याला सलाईन, तिकडच्याला रव्याची लापशी. तूप घालून. वास येणारच की हो पडद्याच्या अलीकडे! इकडच्याचे मेहुणे बँकेतले — ते उठले आणि म्हणाले, आमच्या पेशंटनं काय घोडं मारलंय? त्यांचं अपेंडिक्स ते अपेंडिक्स आणि आमचं काय शेपूट? झालं. ते वर गेले, वरचे त्याच्याही वर गेले, आणि ठरलं की यापुढे अपेंडिक्स म्हणजे अपेंडिक्स. कोणी केलं, कोणाचं केलं, काही फरक नाही. सगळ्यांना एकसारखं.

त्यासाठी तनया मॅडमना आणलं. दुपारी येतील त्या, बघालच तुम्ही. पोरीसारखी पोर, पण डोकं भारी. आधी त्या स्कूटरच्या कारखान्यात होत्या. तिथं स्कूटरी नीट एकसारख्या निघायला लागल्या, काम संपलं, म्हणून अपेंडिक्सकडे आल्या. आता औषधं, इंजेक्शनं, कुठं कापायचं, कधी खायला द्यायचं, हे सगळं डॉक्टरांनी पुस्तकं बघून ठरवलं. भांडले, पण ठरवलं. चांगलं झालं ते — हल्ली कोणी उपाशी राहत नाही, कोणाला कोणाचा वास घेत पडावं लागत नाही. ते खोटं नाही बोलणार मी. पण मॅडम म्हणाल्या, औषधं एक, डॉक्टर एक, तरी एक माणूस लवकर उठतो आणि एक उठत नाही, असं का? स्कूटरचं असं नसतं. म्हणून त्या मांडीवर तो छोटा कंप्युटर घेऊन पेशंटांजवळ बसायला लागल्या. आणि त्या दिवसांत जो माणूस सगळ्यात छान बरा झाला — मी स्वतःचं सांगतोय असं नाही, पण तो मीच.

मी खडकीला राहायचो तेव्हा. फॅक्टरीत हमाली केली जन्मभर, शाळा काही बघितली नाही, पेट्या उचलायच्या आणि ठेवायच्या. दुखायला लागलं तसा रिक्षानं आलो, म्हाताऱ्याचं अपेंडिक्स म्हणून डॉक्टर जरा घाबरले, पण मी आपला निवांत. आणि दुसऱ्या दिवशी मी चालायला लागलो. असा चाललो, की डॉक्टर बाहेरून शिकाऊ पोरं घेऊन आले बघायला. मॅडम म्हणाल्या, याच माणसात काहीतरी आहे. काय आहे? तर मला कानटोपी होती. माझा पेला घरचा होता, पोचे आलेला, मला दुसऱ्या भांड्यानं पाणी गोड लागत नाही. सिस्टरनी विचारलं वारा सरकला का, तर बाईमाणसापुढं कसं सांगायचं, मी म्हटलं, स्वारगेटची गाडी सुटली. हे सगळं त्यांनी टिपून घेतलं. आणि मग यातलं नक्की काय लागू पडलं ते काही कोणाला कळेना. म्हणून सगळंच ठेवलं.

— खरंच! उशाशी हात लावा. पेला आहे ना? आता बोट फिरवा. पोचा लागला? सगळ्यांना तसाच. नवे कोरे पेले आणले, आणि खाली मेंटेनन्सचा माणूस हातोडीनं पोचे पाडत बसला होता, एकसारखे. मॅडमनी स्वतः माझा पेला शेजारी ठेवून ताडून बघितले. आणि मे महिन्यात, अहो, मे महिन्यात सगळा वॉर्ड कानटोप्या घालून! एक वकील होते, ते म्हणाले मी कोर्टात जाईन, तेव्हा त्यांना कानटोपी फक्त राउंडच्या वेळेला घालायची सवलत मिळाली. आणि रोज सकाळी सिस्टर विचारतात, स्वारगेट? पेशंट म्हणतात, सुटली. तुमची? — अजून नाही. सुटेल. उठलात की सुटेल.

पण मी चाललो तो काही कानटोपीनं नाही हो. ते मला माहिती आहे. मॅडमनाही माहिती आहे, म्हणून तर मी इथं आहे. मी चाललो तो द्वारकाबाईंमुळं. द्वारकाबाई म्हणजे खडकीला माझ्या समोरच्या खोलीतल्या. आमची ती चार मजल्यांची जुनी इमारत, खाली पाण्याची मोटर, आणि मोटरच्या खोलीची किल्ली माझ्याकडे. ठरवून नव्हे, कोणी लवकर उठायला तयार नाही, मी फॅक्टरीच्या सवयीनं उठायचो, म्हणून माझ्याकडे. करदोट्याला बांधलेली असायची. दुखायला लागलं तसा मी तसाच आलो, करदोट्यासकट, किल्लीसकट. ऑपरेशनच्या आधी सिस्टरनी करदोटा सोडवला, माझ्या कपड्यांबरोबर त्या कपाटात ठेवला. माझ्या काही ध्यानात नाही. आणि तिकडं सगळी इमारत कोरडी ठाक! एकालाही वाटेना कुलूप फोडावं — म्हणजे वाटलं, पण फोडलं तर नवं कोणी आणायचं, यावर जिन्यात मीटिंग चालू होती.

तर दुसऱ्या दिवशी सकाळी द्वारकाबाई आल्या. रिकामी बादली घेऊन. खडकीहून इथपर्यंत, बसमधून, रिकामी बादली — पुराव्याला! तिथं, तुमच्या पायाशी उभ्या राहिल्या, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा म्हणाल्या, रंगराव, मेला असाल तर तसं सांगा, आणि जिवंत असाल तर उठून किल्ली द्या! — मी उठलो. विचार नाही, काही नाही. उठलो, सलाईनचा तो खांब हातात धरला, कपाटापर्यंत गेलो, किल्ली दिली. त्यांनी घेतली, बादलीत टाकली, खणकन आवाज झाला. म्हणाल्या, चालताय की चांगले, मग झोपलाय कशाला? आणि गेल्या. नारळपाणी नाही, काही नाही. मॅडम इथं स्टुलावर बसलेल्या. त्यांनी बघितलं. त्यांचं तोंड असं उघडंच राहिलं होतं.

म्हणून मग नियमात आलं: ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी, शेजाऱ्याची भेट. आधी त्यांनी पेशंटांचे खरे शेजारी बोलवायचं ठरवलं. पेशंट भरती होताना विचारायचं, शेजाऱ्यांचं नाव काय? गावातली, पेठांमधली माणसं सांगायची, नावासकट तक्रारीही सांगायची. पण ही तुमच्या बाजूची, औंध, बाणेर, हिंजवडी — शेजारी कोण? तर म्हणे चारशे तीन. चारशे तीनला कसं बोलवायचं? एकानं सांगितलं, शेजारी आहेत, पण ते कुत्र्याला घेऊन खाली जाताना दिसतात, मला कुत्र्याचं नाव माहिती आहे. शेवटी मॅडम माझ्याकडे आल्या. रंगरावकाका, तुम्ही याल का शेजारी म्हणून? बसचा पास देतात, दुपारी कँटीनचं जेवण. मी म्हटलं येतो. मला सकाळी घरातून निघायला काहीतरी पाहिजेच होतं — म्हणजे, माणसानं फिरतं राहावं, या वयात. तब्येतीला बरं.

फक्त ते वाक्य मोठ्या डॉक्टरांना पसंत पडेना. मेला असाल तर, असं दवाखान्यात कसं म्हणायचं? म्हणून कमिटी बसली आणि ते जरा मऊ केलं. आता मी म्हणतो — मघाशी आल्याबरोबर म्हटलं ना तुम्हाला, तेच — आपण हयात असल्यास कृपया उठून किल्ली द्यावी. — हो, तुम्ही दचकला होतात, मी बघितलं. पण बहुतेक उठतात हो. रागानं उठतात. एक रिटायर मास्तर होते, ते ताठ उठून बसले आणि म्हणाले, किल्ली मागणारे आपण कोण? आपण सोसायटीचे सभासद आहात काय? आधी ते सिद्ध करा! आणि सिद्ध करून घ्यायला माझ्यामागं जिन्यापर्यंत चालत आले. एक बँकेचे साहेब होते, ते मात्र घाबरले, त्यांनी मुकाट्यानं लॉकरची किल्ली काढून दिली, परत करता करता माझी पुरेवाट झाली. पण तेही चालले. सगळे चालतात. भांडायला का होईना, उठतात.

आणि तुम्ही काय केलंत? उशीखाली हात घातलात, आणि किल्ली काढून दिलीत. ही बघा, अजून माझ्या हातात आहे. फ्लॅटची ना? मी म्हटलं, अहो, ही घेऊन मी काय करू, तर म्हणालात, राहू दे तुमच्याकडे, मला काय करायचीय. आणि वळलात भिंतीकडे.

असं आजवर कोणी केलं नव्हतं. याला काय करायचं ते नियमात नाही. मी बाहेर जाऊन जया सिस्टरना विचारून आलो, त्या म्हणाल्या, काका, दुपारी पाहुणे येणार आहेत. दुसऱ्या दवाखान्यांतली मोठी माणसं, हीच पद्धत तिकडं न्यायची का ते ठरवायला. मोठे डॉक्टर तर म्हणतातच, बाकीचं ठीक, पण हा शेजारी काढा, त्याच्याऐवजी टेप लावू, किल्ली द्यावी, किल्ली द्यावी, कानात लावून द्यायची. आज हे ज्ञानदेव खिडकीपर्यंत गेले नाहीत, तर शेजारी बाद. — ते जाऊ दे हो. ते तुमच्यावर टाकत नाही मी. टेप लागली तर लागली. मी फक्त म्हणतो, पोटासाठी उठा. माझं राहू दे.

तो डोळा पुसलात का? — नाही, घामच असेल. कानटोपी गरम आहे जरा. काढा. काढा, मॅडम आल्या की घालू परत.

घरी कोण असतं? — कोणी नाही. — आधी तिघं होतात होय, मित्र-मित्र? — हां, एक अमेरिकेला गेला कंपनीकडून, एक बंगळुरूला. म्हणजे तीन खोल्या आणि तुम्ही. गाव कुठलं? — वर्धा. लांब आलात. आई आहे? — आहे. तिला सांगितलंय ना? — का नाही सांगितलं? — अहो, काळजी करेल म्हणून सांगायचं नसतं असं कुठं असतं का, काळजी करायला काहीतरी लागतंच त्यांना, नाहीतर त्या भांडी घासत बसतात रात्रंदिवस. काय सांगितलंय मग? — कामात आहे. बरं. कामात आहे.

आणि दवाखान्यात आलात कसे, एकटे? — कंपनीच्या गाडीतून. ड्रायव्हरनं सोडलं. आणि त्याच्या आधी? — दारापाशी? म्हणजे फरशीवर? — कधीपासून? — अरे देवा. आणि कोणाला हाक मारली नाही? — हो, भिंतीपलीकडे माणसं असतील ना. — ऐकू येत होतं? टीव्ही? मालिका चालली होती, ते पण कळत होतं कोणती? आणि इकडं तुम्ही पोट धरून. मग भिंतीवर थाप मारायची, अहो, एवढी एक थाप — हं. हं. नाव माहिती नव्हतं.

बरोबर आहे. नाव माहिती नसलं की हाक तोंडातून निघत नाही. अहो म्हणावं, तर अहो कोणाला. मला कळतं ते. — नाही, मी उगीच बोललो, मला रागवायचं नव्हतं तुला. तुम्हाला.

म्हणून परत जायचं नाही त्या घरी, असं आहे होय. आणि उठलं तर खिडकीपर्यंत, खिडकीपर्यंत गेलं तर जिन्यापर्यंत, जिन्यापर्यंत गेलं की सांगणार घरी जा. त्यापेक्षा उठायचंच नाही. — डोकं आहे तुझ्याकडे. मॅडमना सांगायला पाहिजे. त्यांनी सगळं मोजलं, माणूस कशानं उठतो ते, पण कशासाठी उठायचं ते काही — जाऊ दे. मला काही सांगता येणार नाही. मला एवढी वाक्यं पाठ करायलाच महिना गेला. तू पड. मी सांगतो सिस्टरना, आज नाही म्हणावं, उद्या बघू. येतात पाहुणे तर येऊ देत. मी निघतो, तू झोप जरा, आणि ही किल्ली इथं पेल्यात ठेवतो—

आई गं. — नाही, काही नाही. पायाला मुंग्या आल्यात. हे स्टूल एवढंसं, फार वेळ बसलो. — होतं होतं, जरा थांबलं की. — अरे, ही बादली कुठं आली पायात — अरे — नको, नको रे, तू कशाला — अरे टाके! टाके आहेत तुला! उशी धर पोटावर! — हां. हां, धरलं. धरलंय तुला. म्हणजे तू मला धरलंयस. कोणी कोणाला धरलंय काही कळत नाही, पण सोडू नको आता, नाहीतर दोघंही जमिनीवर, आणि माझ्या गुडघ्याचा काही नियम नाही इथं.

थांब, हलू नको. श्वास घे. दुखतंय? — थोडं दुखणारच. माझा पाय अजून बधिर आहे, मला टेकवत नाही. — कुठं नेतोस? खिडकीपर्यंत कशाला? — बरं, तिथं कट्टा आहे म्हणतोस, टेकता येईल. चल. सावकाश. तो खांब घे बरोबर, सलाईनचा. हळू, मला घाई नाही. डावा. — माझा डावा म्हणतो मी, तू तुझा टाक. — चालतोयस की रे! नाही, मी द्वारकाबाईंसारखं म्हणत नाही, आपलं सहज म्हटलं.

हां. टेकलो. बस तू पण. बघ, धुकं गेलं. तो बघ रस्ता. ती बघ बस, तिच्यावर काहीतरी चिकटवलेलं दिसतंय, काय लिहिलंय? — क्लास होय. सगळीकडे क्लास.

शू. आल्या, दुपारच्या आधीच. दारात बघ, मॅडम आणि पाहुणे. आपल्याकडेच बघतायत. — हो, मॅडम, चालले! खिडकीपर्यंत! — किल्लीनं नाही हो. किल्ली तर यांनी देऊन टाकली. — नाही, बादली पडली मधेच. — कसे उठले? ते, मी पडत होतो, यांनी धरलं. — हो, पेशंटनं. शेजाऱ्याला. — अहो, नका टिपू ते. मॅडम, ऐका, नका. — गेल्या. बघितलंस, टिपलं. आणि ते पाहुणे माना हलवतायत, म्हणजे आवडलं त्यांना. आता उद्यापासून प्रत्येक पेशंटपुढं माझ्या पायाला मुंग्या यायला पाहिजेत. या वयात मी रोज रोज कसा पडणार रे? आणि सगळ्यांनाच काय धरता येणार आहे? तो वकील असता तर बाजूला सरकला असता.

— हसू नको. उशी दाब. उशी! — हां. असं. — काय? सुटली? खरंच? अरे वा! सिस्टर! जया सिस्टर! स्वारगेट! — लाजतोस काय, सगळ्यांची सुटते. आता मिळेल तुला लापशी. तूप घालून. आणि घरी सोडतील परवापर्यंत, त्याला इलाज नाही. पण एक कर, गेल्या गेल्या आधी समोरच्या दारावर जाऊन नाव विचार. काही कारण लागत नाही. वाटीभर साखर माग. साखर असली तरी माग. आणि आईला आता फोन लाव, माझ्यासमोर लाव, म्हणजे मी निघतो.

— माझे? माझे शेजारी काय? — द्वारकाबाई होय. नाही, त्या आता तिथं नाहीत. ती इमारत पाडली. द्वारकाबाई लेकीकडे गेल्या, लोणी काळभोरला. मी संतोषकडे, म्हणजे माझ्या मुलाकडे, वाकडला. चांगला आहे तो, सूनही चांगली, दोघं सकाळी जातात ते अंधार पडल्यावर येतात, तुमच्यासारखंच काम. नवव्या मजल्यावर आहोत. छान हवा येते. — आहे ना, समोर आहे की शेजारी. दोन दारं समोरासमोर. — नाव? पाटी आहे त्यांच्या दारावर, पितळेची, मोठी, पण मला वाचता येत नाही. संतोषला विचारेन विचारेन म्हणतो, तो येतो तेव्हा दमलेला असतो. — बोलतो ना. म्हणजे लिफ्टमध्ये असतो आम्ही बरोबर, रोज, दोन वर्षं झाली. त्यांच्या कानात ते वायरचं असतं. मी मान हलवतो. — बोलले की. बोलले नाहीत असं नाही. परवा बोलले. मी इथूनच गेलो होतो, लिफ्टमधून आम्ही दोघं बाहेर आलो, मी आमच्या दारात बसून चपला काढत होतो, किल्ली शोधत होतो, तर ते थांबले, कानातलं काढलं, वाकले जरा, चांगले अदबीनं, आणि म्हणाले, "काका, कोणाकडे आलात?"